दोनशे तासांचा वैमानिक आणि पहिली नोकरी

"पायलट कमी पडल्यात म्हणून विमानं रद्द व्हायलीत, आणि लायसन असलेली पोर घरात बसलीया. हे कसं काय ओ सर?" डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लहानसे मशीन शॉप चालवणाऱ्या एका पालकांनी मला हा प्रश्न विचारला. मी बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी आहे. त्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाल्याच्या बातम्या रोज पहिल्या पानावर होत्या. प्रश्न सरळ होता, पण मला त्याचे उत्तर त्या दिवशी नीट देता आले नाही. नंतर तिच्याकडून, तिच्या बरोबरीच्या मुलांकडून आणि नियमांच्या पुस्तकांतून जे समजले, ते सीमाभागातील इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

हा प्रश्न आपल्या भागात आता वारंवार येणार, याला एक कारण आहे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील ज्या पाच विमानतळांवर जागा दिली, त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर बेळगावही होते. बेळगावचा विमानतळ आहे तो सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धातला, हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र तेथे कित्येक वर्षांपासून आहे, पण नागरी वैमानिक घडवणारी लहान विमाने मोदगा आणि बाळेकुंद्रीच्या शेतांवरून घिरट्या घालताना दिसू लागली ती अलीकडेच. जी गोष्ट रोज डोक्यावरून जाते ती आवाक्यातली वाटू लागते, आणि मग खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक जमीन गहाण ठेवण्याचा विचार करू लागतात. त्यांनी तो करू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र परवाना मिळणे आणि नोकरी मिळणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांचा खर्च वेगळा आहे आणि त्यांना लागणारा काळही वेगळा आहे, हे पहिला हप्ता भरण्यापूर्वी कळलेले बरे.

प्रथम परवाना म्हणजे काय ते पाहू. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात तो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अर्थात डीजीसीए देते. त्यासाठी वय १८ पूर्ण असावे लागते, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षांत ७० टक्के गुण लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांपैकी १०० तास उमेदवाराने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असावेत. त्यांत एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे २० तास आणि एक सलग प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा असावा. शिवाय केवळ उपकरणांकडे पाहून उडवण्याचे १० तास आणि रात्रीचे ५ तास लागतात. इतके झाले की पैसे घेऊन विमान चालवण्याची कायदेशीर परवानगी मिळते.

परवानगी कोणत्या विमानाची, हा प्रश्न येथे सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक मुलांचे बहुतेक तास चार आसनी, एका इंजिनाच्या विमानावर होतात. प्रशिक्षणात सर्रास वापरले जाणारे सेस्ना १७२ भरल्यावर सुमारे ११०० किलोचे होते, तर एअरबस ए३२० हे ७८ टनांपर्यंत वजन घेऊन उडते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर त्या विमानाची नोंद करून घ्यावी लागते. यालाच टाइप रेटिंग म्हणतात. त्यात काही आठवडे वर्गातला अभ्यास आणि नंतर सिम्युलेटरवरची, म्हणजे विमानाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रावरची सत्रे असतात, आणि त्याचा खर्च साधारणपणे १२ ते २० लाखांच्या घरात जातो. बऱ्याच ठिकाणी तो उमेदवारालाच सोसावा लागतो. सीपीएलचा स्वतःचा खर्च आजच्या भावाने ५० लाखांच्या आसपास धरला, तर एका तासाला २५ हजार रुपये पडतात. यात राहणे, खाणे आणि पावसाळ्यात उड्डाणे बंद पडल्याने लांबलेले महिने धरलेले नाहीत, आणि बेळगावचा पावसाळा कसा असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कंपन्यांना वैमानिक कमी पडतात हे खरे आहे आणि नवे वैमानिक घरी बसून आहेत हेही खरे आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे, कारण तुटवडा आहे तो डाव्या खुर्चीतील कॅप्टनचा. उजव्या खुर्चीतील सहवैमानिक होण्यासाठी भारतात २०० तासांचा सीपीएल, उपकरण रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडवता येते अशी परवान्यावरची नोंद) आणि टाइप रेटिंग कायद्याने पुरते. कॅप्टनला मात्र एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १५०० तास लागतात. तेवढे झाल्यावरही कंपनी आपल्या अटींप्रमाणे बढती देईपर्यंत काही वर्षे जातात. डिसेंबर २०२५ मध्ये अडचण झाली ती वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली होती, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली होती, आणि त्या हिशेबाने वैमानिकांची आखणी वेळेत झालेली नव्हती. अशी तूट काही दिवसांत भरून काढायची तर तयार कॅप्टनच हवेत. ते दुसऱ्या कंपनीतून आणायचे म्हटले तरी कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अशा वेळी दोनशे तासांचा नवा उमेदवार कंपनीच्या काहीच कामाचा नसतो.

इतकेच असते तर कंपन्यांनी आज नवे उमेदवार घेऊन पाच वर्षांनी त्यांचे कॅप्टन केले असते. पण नवा उमेदवार तयार करायलाच कॅप्टन लागतो, आणि तोही साधा कॅप्टन चालत नाही, शिकवण्याची मान्यता असलेला लागतो. टाइप रेटिंग संपल्यावर उमेदवाराला प्रवाशांविना खऱ्या विमानातून उड्डाण आणि लँडिंग करून दाखवावे लागते. त्यानंतर प्रवासी असलेल्या नेहमीच्या उड्डाणांवर तो प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून कित्येक आठवडे काम शिकतो. सुरुवातीच्या काळात तर मागच्या खुर्चीवर आणखी एक अनुभवी सहवैमानिक बसवावा लागतो, म्हणजे नवशिक्या गडबडला तर काम सावरायला कोणी तरी असते. ज्या कंपनीला रोजची उड्डाणे चालवायलाच कॅप्टन पुरत नाहीत, तिने प्रशिक्षक कॅप्टनला नव्या मुलांमागे किती दिवस लावावे? त्यामुळे कॅप्टनची टंचाई वाढली की नव्यांची रांग पुढे सरकण्याऐवजी तेथेच थांबते.

हे मी त्या पालकांना सांगितले तेव्हा त्यांनी ते माझ्यापेक्षा कमी शब्दांत मांडले. "म्हणजे आमच्या उद्यमबागेसारखंच की. आयटीआयची पोरं गेटवर उभी हायत, पण मशीनवर त्यांच्या बाजूला उभं करायला जुना फोरमन नाही. एकटं सोडलं तर जॉब बिघडवतंय." मला वाटते, या विषयावर इतके नेमके वाक्य दुसरे मिळणार नाही.

याशिवाय रांग किती लांब आहे, हे आपल्या हातात नसते. २०२२ मध्ये डीजीसीएने ११६५ सीपीएल दिले आणि २०२३ मध्ये १६२२. दर वर्षी तयार होणारी ही मुले आधीच्या वर्षांत थांबलेल्यांच्या मागे उभी राहतात. त्यातच एखादी कंपनी बंद पडली की अनुभवी माणसे त्याच रांगेत येतात आणि साहजिकच पुढे उभी राहतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, आणि प्रत्येक वेळी टाइप रेटिंग व हजारो तास असलेले वैमानिक बाजारात आले. दुसऱ्या बाजूला, २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, म्हणून प्रशिक्षण संस्थांच्या जाहिरातींत हे आकडे ठळक छापले जातात. ही विमाने पुढील अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने यायची आहेत. मधल्या काळात इंजिनांच्या दोषामुळे असलेली कितीतरी विमानेही जमिनीवर उभी राहिली. अठराव्या वर्षी तेजी पाहून घेतलेल्या निर्णयाचे फळ एकविसाव्या वर्षी हाती येते, आणि तोवर तेजी टिकेलच असे नाही. ऊस लावताना असलेला भाव तोडणीला मिळत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊकच आहे.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. तेथे २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तास लागतात. त्यामुळे २५० तासांच्या वैमानिकाला मोठी कंपनी घेतच नाही आणि तो तशी अपेक्षाही करत नाही. तो शिकवतो, सर्वेक्षणाची उड्डाणे करतो, माल वाहतो आणि तास जमवतो. मधल्या पायऱ्या तेथे भरपूर आहेत. आपल्याकडे कायदा सैल असला तरी मधल्या पायऱ्या फार थोड्या आहेत, कारण लहान विमानांचा व्यवसायच मर्यादित आहे. म्हणून भारतीय उमेदवार एक तर दोनशे तासांवरून थेट एअरबसच्या उजव्या खुर्चीत जाऊन बसतो किंवा घरी बसतो. असलेल्या थोड्या पायऱ्या ओळखून त्यांवर पाय ठेवणे, हीच कमी अनुभवाच्या वैमानिकाची खरी कसोटी आहे.

त्यांतील सर्वांत भक्कम पायरी माझ्या मते शिकवण्याची आहे. सीपीएलनंतर आणखी काही तास आणि परीक्षा करून असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचे रेटिंग घेता येते, आणि मग एखाद्या प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांना उडवता येते. पगार कमी असतो, उन्हात आणि धुळीत काम असते, दिवसाला तीच तीच लँडिंग पाहावी लागतात. परंतु तास आपल्या खिशातून न जाता पगारासह लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत चढतात. सांबरा, कलबुर्गी, बारामती, कराड, जळगाव, धुळे असा पट्टा पाहिला तर बेळगावच्या मुलाला एका रात्रीच्या प्रवासात पोहोचता येतील अशी बरीच ठिकाणे आहेत. पुष्कळ मुले हे काम कमीपणाचे मानतात, कारण शिकवायला लागलो तर एअरलाइनचे दार बंद होईल अशी समजूत आहे. ती मला पटत नाही. मुलाखतीत गेल्या महिन्यापर्यंत विमान उडवणारा उमेदवार आणि वर्षभर न उडालेला उमेदवार शेजारी बसले, तर कोणाला बोलताना अडखळायला होईल, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी पायरी चार्टर कंपन्यांची, म्हणजे उद्योगपती, नेते आणि रुग्ण यांना लहान विमानांतून नेणाऱ्या व्यवसायाची. येथे जाहिराती क्वचित निघतात, काम ओळखीने कळते, आणि विमा कंपनीच्या अटींमुळे बहुधा काही अनुभव मागितला जातो. तरी दोन इंजिनांच्या विमानावर उपकरण रेटिंग असलेला आणि हँगरमध्ये पडेल ते काम करायला तयार असलेला मुलगा एखाद्या वेळी सहवैमानिक म्हणून आत जातो. आपल्या भागात स्टार एअरचे नाव घरोघरी आहे, कारण कोल्हापूरच्या उद्योगसमूहाची ही कंपनी २०१९ पासून उडते आहे आणि बेळगावहून तिची ५० ते ७६ आसनांची विमाने जातात. कंपनी जवळची म्हणून आपल्या मुलाला घेईल, अशी अनेकांची आशा असते. विमान लहान असले तरी टाइप रेटिंग, प्रशिक्षक कॅप्टन आणि रांग हे गणित तेथेही तेच असते, आणि त्यात गावाचे नाव मोजले जात नाही.

तिसरा मार्ग कॅडेट योजनांचा आहे. यात एअरलाइन सुरुवातीलाच चाचणी घेऊन उमेदवार निवडते, ठरलेल्या संस्थेत त्याचे सीपीएल आणि टाइप रेटिंग करून घेते आणि अटी पूर्ण झाल्यास नोकरी देते. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो. रांग टळण्याची शक्यता येथे सर्वाधिक आहे, पण करारातील 'अटी पूर्ण झाल्यास' आणि 'कंपनीची गरज असल्यास' ही दोन वाक्ये वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

जमिनीवरची कामेही आहेत: डीजीसीएच्या विषयांचे ग्राउंड क्लास घेणे, कंपनीच्या उड्डाण नियोजन कक्षात काम करणे, विमानतळावर संचालनाचे काम करणे. यांतून लॉगबुकात तास वाढत नाहीत, पण हप्ता भरता येतो आणि विषय डोक्यात ताजा राहतो. विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या जागांसाठी मात्र भौतिकशास्त्र आणि गणितासह विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकी लागते, आणि बारावीनंतर थेट उडायला गेलेली मुले येथेच अडतात. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात पदवी पूर्ण करून मग सीपीएलकडे वळल्यास तीन वर्षे जातात खरी, पण वैद्यकीय कारणाने परवाना गेला तरी हातात काही तरी राहते. मी शिक्षक असल्याने पदवीकडे झुकतो, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

टाइप रेटिंग आपल्या पैशाने आधीच करून ठेवावे का, हा प्रश्न प्रत्येक घरात रात्री उशिरापर्यंत चालतो. समजा, मुलाने ए३२० चे रेटिंग घेतले आणि त्या वर्षी भरती एटीआर किंवा बोइंग ७३७ अशा दुसऱ्याच विमानासाठी निघाली, तर गुंतवलेले १५ लाख तूर्त निरुपयोगी ठरतात. भरती ए३२० ची निघाली तरी रेटिंग होऊन बरेच महिने गेले असतील तर सिम्युलेटरवर पुन्हा उजळणी करावी लागते. उलट, काही वेळा कंपन्या तातडीने रेटिंग असलेलेच उमेदवार मागतात, आणि तेव्हा ज्याने पैसे घातले तो पुढे जातो. हा जुगार आहे आणि त्यात हरलेली मुले आपली गोष्ट सांगत नाहीत, म्हणून आपल्याला जिंकलेल्यांच्याच गोष्टी ऐकू येतात. हातात कंपनीचे निवडपत्र नसताना कर्ज काढून टाइप रेटिंग करू नये, असे माझे मत आहे.

आता प्रतीक्षेच्या काळाविषयी. त्या दिवशी मुलीने आपले लॉगबुक टेबलावर उघडून दाखवले. लांबट, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा क्रमांक, निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, पानाच्या तळाशी बेरीज आणि प्रशिक्षकाची सही. शेवटच्या ओळीची बेरीज २०४ तास काही मिनिटे होती आणि तिच्यापुढची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. वडील बेरजेकडे पाहत होते आणि ती तारखेकडे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सीपीएलची मुदत दहा वर्षांची झाली आहे, त्यामुळे परवाना लवकर संपत नाही. पण उपकरण रेटिंग दर १२ महिन्यांनी चाचणी देऊन नूतन करावे लागते, प्रथम श्रेणीचे मेडिकल चाळिशीच्या आतल्यांना दर वर्षी करावे लागते, आणि कंपन्या अलीकडच्या काळात केलेल्या उड्डाणांची मागणी करतात. दोन इंजिनांच्या विमानाचे तास महाग असल्याने या नूतनीकरणाला दर वर्षी लाखांत खर्च येतो. ५० लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ६७ हजारांचा होतो, आणि हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळातले व्याज मुद्दलात मिळवले तर त्याहून अधिक. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, म्हणजे शेवटी घर किंवा शेतच लागते. म्हणून परवान्यापर्यंतच्या खर्चाशिवाय दोन वर्षांच्या प्रतीक्षेचा आणि टाइप रेटिंगचा खर्च वेगळा काढून ठेवता येत नसेल, तर सुरुवात करण्याआधी थांबून विचार करावा.

निवडीची पद्धत फारशी गूढ नाही. ऑनलाइन अर्ज, तांत्रिक विषयांची परीक्षा, संगणकावरची कल चाचणी, काही ठिकाणी गटचर्चा आणि सिम्युलेटरची परीक्षा, मग मुलाखत आणि मेडिकल. भरतीची खिडकी अचानक उघडते आणि थोड्या दिवसांत बंद होते, म्हणून ज्याची सर्व कागदपत्रे त्या दिवशी चालू मुदतीत असतात त्याचाच अर्ज टिकतो. वरचे नूतनीकरण आळसाने पुढे ढकलले, तर नेमकी त्याच महिन्यात जाहिरात येते.

कागदपत्रांचा एक मुद्दा खास आपल्या सीमाभागाचा आहे आणि त्यावर थोडे रेंगाळतो. डीजीसीएच्या परीक्षेला बसण्यासाठी जो संगणक क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणे देशभर गाजली होती, तेव्हापासून कागदांतील लहानशा फरकाकडेही संशयाने पाहिले जाते. आपल्या मुलांची एसएसएलसीची, म्हणजे दहावीची गुणपत्रिका कर्नाटक मंडळाची असते. शाळेच्या रजिस्टरात मराठी पद्धतीने नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिलेले असते, गुणपत्रिकेवर कधी वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर येते, आधारवर आडनाव आधी जाते, आणि पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त पडते. एकच मुलगी चार कागदांवर चार वेगळ्या माणसांसारखी दिसते. ही दुरुस्ती शाळेकडून बेंगळुरूच्या मंडळाकडे आणि तेथून परत अशी फिरते आणि त्यात महिने जातात. दहावीचा अर्ज भरतानाच सर्व ठिकाणी एकच नाव, एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने लिहिले, तर पुढची दगदग वाचते.

मेडिकलविषयीही असाच क्रम पाळावा. आधी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीचे आणि मग प्रथम श्रेणीचे मेडिकल होते. प्रथम श्रेणीच्या पहिल्या तपासणीसाठी आपल्याला सोयीचे एक केंद्र म्हणजे बेंगळुरूची हवाई दलाची वैद्यकीय संस्था. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी तेथे पोहोचता येते, म्हणजे खर्च दोन-चार दिवसांचा. रंगांधळेपणासारखा दोष असल्यास तो तेथे कळतो. संस्थेचा पहिला हप्ता भरून झाल्यावर तो कळलेली घरे आपल्या भागात आहेत, म्हणून हे लिहिले.

इंग्रजीची भीती मात्र मला अवाजवी वाटते. रेडिओवरची भाषा ठरावीक शब्दांची असते, तिच्यात अलंकार नसतात, उलट नऊला 'नाइनर' आणि तीनला 'ट्री' म्हणावे लागते, जेणेकरून खरखरीत आवाजातही आकडा चुकू नये. घरी मराठी, शाळेत आणि बसमध्ये कन्नड, बाजारात हिंदी असे बोलणाऱ्या आपल्या मुलांना चौथ्या भाषेतली ही मोजकी वाक्ये जड जात नाहीत. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर सहापैकी किमान चौथी पातळी लागते. मुलाखतीचे इंग्रजी वेगळे आणि त्याला सराव लागतो, हे मान्य. पण मराठी माध्यमात शिकलो म्हणून हे क्षेत्र आपले नाही, असे कोणी समजू नये. मुलींनी तर नाहीच, कारण देशातील सुमारे १५ टक्के वैमानिक महिला आहेत आणि हे प्रमाण जगात सर्वाधिक मानले जाते.

प्रतीक्षा लांबली की दलाल येतात. कंपनीत आत ओळख आहे, पाच लाख द्या, मुलाखत नक्की, असा निरोप कोणाच्या तरी मेहुण्याकडून येतो. अशी पैसे घेऊन मुलाखत विकण्याची पद्धत कोणत्याही प्रवासी कंपनीत नाही. मोठे पैसे द्यायचे असतात ते निवड झाल्यानंतर, लेखी कराराने, प्रशिक्षणासाठी, आणि तेही कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्राच्या बँक खात्यात. प्रशिक्षण संस्था निवडतानाही जाहिरातीपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात: संस्थेची किती विमाने आज खरोखर उडतात, आणि गेल्या तुकडीला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले. डीजीसीए २०२५ पासून या संस्थांना श्रेणी देऊ लागले आहे, तीही पाहावी. पण सकाळी सांबऱ्याच्या कुंपणापाशी उभे राहून किती विमाने वर जातात ते मोजणे हाही वाईट उपाय नाही.

ती मुलगी सध्या टिळकवाडीत संध्याकाळी नेव्हिगेशनचा ग्राउंड क्लास घेते, आणि आलेल्या पैशांत वडिलांनी भर घालून तिचे उपकरण रेटिंग मुदतीच्या नऊ दिवस आधी नूतन झाले. इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केला आहे. तिच्या धाकट्या भावालाही उडायचे आहे. तो यंदा दहावीला आहे, आणि गेल्या सोमवारी वडील मशीन शॉप दोन तास बंद ठेवून त्याच्या शाळेत गेले होते, अर्जावर त्याचे नाव आधारप्रमाणेच लिहिले आहे ना, एवढे पाहायला.